जूनच्या आत शाळा

एप्रिलमध्ये मी दोन्ही मुलींना घेऊन हुबळीला आईवडिलांच्या घरी आले. थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती, धाकटी सहा. विमानतळावर अप्पा आणि माझा मोठा भाऊ, दोघंही घ्यायला आले होते. वडिलांना मी अप्पा म्हणते, भावाला अण्णा. अण्णानं गाडीत सामान चढवताना बॅगा मोजल्या.

"चार बॅगा? मुक्काम मोठा दिसतोय की."

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना," मी म्हणाले. "मदतीला बरं."

आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. तीन-चार दिवस डोळ्यात औषध घालायला कुणीतरी हवं, एवढीच त्यात मदत. त्यासाठी कुणी नेदरलँड्सहून दोन मुलींची शाळा बुडवून येत नाही. पण तेव्हा कुणी काही विचारलं नाही. अप्पांनी धाकटीला मांडीवर घेतलं आणि केशवापुरातलं घर येईपर्यंत तिला रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत राहिले.

खरं काय झालं होतं ते आधी सांगते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं जेवणानंतरची भांडी धुतली, हात पुसले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की त्याला वेगळं राहायचंय. दुसरं कुणी आहे, दीड वर्ष झालं. तो शांतपणे बोलत होता, बहुतेक बरेच दिवस मनात घोळवलेली वाक्यं असावीत. त्याचं बोलणं संपल्यावर मी काय म्हणाले ते मला अजून आठवतं. मी म्हणाले, "उद्या धाकटीला डब्यात काय द्यायचं?" त्याला वाटलं मी चिडून टोमणा मारतेय. तसं नव्हतं. मला खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्यानंतर सगळं फार सुरळीत पार पडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. माझा तिथे राहायचा परवाना त्याच्या नोकरीवर होता. माझं काम म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास. त्यावर घर चालणार नव्हतं. मी मुलींना घेऊन भारतात जाते म्हणाले, तो बरं म्हणाला. तिथल्या कायद्यानं मुलांना देशाबाहेर राहायला न्यायचं तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती लागते. ते पत्र त्यानंच टाइप केलं आणि त्याच दिवशी सही करून दिलं. त्याला थोडा वेळ लागला असता तर मला बरं वाटलं असतं की काय, याचा मी विमानात विचार केला.

तिकडे गेलो तेव्हा थोरली दोन वर्षांची होती. त्या देशात मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं, आणि शाळा आधीच ठरवून नाव घालावं लागतं. आम्ही दोघं दर शनिवारी सायकलवरून शाळा बघायला जायचो. थोरली त्याच्या सायकलच्या पुढच्या सीटवर. त्यानं एक वही केली होती. घरापासून अंतर, वर्गात मुलं किती, मैदान केवढं, भाषा न येणाऱ्या मुलांसाठी काय सोय, असे रकाने पाडले होते. एका शाळेत मुलं बाईंना नुसत्या नावानं हाका मारत होती. मला ते पटेना. "अगं, इथे सगळीकडे असंच असणार," तो हसत म्हणाला. दुसऱ्या एका शाळेच्या अंगणात कोंबड्या होत्या, त्यांची अंडी मुलं आळीपाळीनं घरी न्यायची. वहीतल्या रकान्यांप्रमाणे ती शाळा तिसरी आली होती, पण आम्ही तीच घेतली.

मग पोहणं. गावात जिकडेतिकडे कालवे, त्यामुळे पोहणं हा तिथे छंद नसतोच, चालायला शिकवावं तसं शिकवतात. तीन परीक्षा असतात. पहिल्याच परीक्षेत अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहून दाखवावं लागतं, कारण कालव्यात पडणारं मूल पोहायचा पोशाख घालून पडत नाही. थोरलीनं तिन्ही परीक्षा आठव्या वर्षी संपवल्या. त्याशिवाय जिम्नॅस्टिक की नाच यावर आम्ही दोन आठवडे वाद घातला होता. शनिवारी आगगाडीनं तासभर लांब एका सभागृहात मराठीचा वर्ग भरायचा, चार घरांतली सहा मुलं. आम्ही थंडीतही जायचो. मुलींचं सगळं आपण नीट ठरवतोय असं तेव्हा वाटायचं. मला त्या दिवसांबद्दल आता राग नाही, हळहळही नाही. दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलेलं असावं तसे ते आठवतात.

हुबळीत एप्रिल संपला. आईचा डोळा छान झाला. ती आता बारीक अक्षरातलं पंचांगसुद्धा चष्म्याशिवाय वाचून दाखवायला लागली. माझं निमित्त संपलं, तरी मी परतीचं काही बोलत नव्हते. सकाळी उठायचं, मुलींच्या वेण्या घालायच्या, दुपारी खिडकीजवळ बसायचं. एकदा भाकरी भाजताना माझं बोट तव्याला टेकलं आणि टेकूनच राहिलं. आईनं हात ओढला. "लक्ष कुठाय गं तुझं?" बोटावर फोड आली होती, ती मी नंतर बघितली.

थोरलीला सगळं माहीत होतं. निघण्याआधी आम्ही दोघांनी तिला पलंगावर बसवून सांगितलं होतं. धाकटीला एवढंच माहीत होतं की बाबा तिकडे राहणार. मी थोरलीला बजावलं होतं, अज्जीला-अज्जाला अजून सांगायचं नाही. तिनं विचारलं होतं, "किती दिवस?" मी म्हटलं, थोडे दिवस. अकरा वर्षांच्या मुलीवर मी ते ओझं दिलं. ते तिनं दीड महिना न कुरकुरता वाहिलं.

मेच्या मध्याला एकदा जेवताना आई म्हणाली, "तुमच्याकडची सुट्टी बरी मोठी असते."

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात. मग हळूच म्हणाली, "आमची शाळा आत्ता चालू आहे."

"रजा काढलीय," मी म्हणाले.

अप्पांनी वाटी जवळ ओढली. ताक प्यायले आणि उठले.

त्या दिवशी दुपारी थोरली खिडकीपाशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मी शाळेत कधी जाणार?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दवाखान्यात आपला नंबर कधी येणार विचारावं तसं तिनं विचारलं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे कधी?"

संध्याकाळी मी अप्पांना म्हणाले, "इथल्या शाळा बघूया का? थोडे दिवस बसतील मुली वर्गात."

आमचं बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. अप्पांनी चाळीस वर्षं ते चालवलं, आता अण्णा बघतो. समोरच्याला भांडं घ्यायचंय की नुसती किंमत विचारायचीय, हे अप्पांना तो पायरी चढतानाच कळतं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"थोड्या दिवसांसाठी शाळेत कोण घेतं?" ते म्हणाले. आणि मग, "उद्या सकाळी जाऊया. शाळा एक जूनला सुरू होतात."

पहिली शाळा उणकलच्या पुढे होती, धारवाडच्या रस्त्याला. अण्णानं सुचवली होती. आम्ही रिक्षानं गेलो, अप्पा, मी आणि दोन्ही मुली. काचेचा दरवाजा, आत गार हवा, माशांची मोठी काचपेटी. एक तरुण बाई आल्या, त्यांनी आम्हाला गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं. रोबोटिक्स, पियानो, घोड्यावर बसणं, तायक्वांदो, अ‍ॅबॅकस. परदेशातून आलेल्या मुलांकडे आम्ही वेगळं लक्ष देतो, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आमच्याकडून काय अपेक्षा आहेत?"

कधीकाळी मी या प्रश्नावर अर्धा तास बोलले असते. शेवटी मी विचारलं, "शाळा किती वाजता सुटते?"

थोरलीनं त्यांना विचारलं, मुलं सायकली कुठे लावतात? बाई हसल्या. सायकलनं कुणी येत नाही, सगळे बसनं येतात, आमच्या बसमध्ये कॅमेरे आहेत. थोरलीनं मान हलवली. बाहेर आल्यावर अप्पांनी मला विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, चांगली आहे. "तुला चांगली वाटली की नाही ते विचारतोय." मला सांगता येईना. ते म्हणाले, "मग राहू दे."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला त्यांच्या जुन्या मराठी शाळेत घेऊन गेले. मीही चौथीपर्यंत तिथेच होते. आमचे पणजोबा सांगलीकडून व्यापाराला हुबळीला आले. आमच्यासारखी बरीच घरं बाजारात होती आणि सगळ्यांची पोरं त्या शाळेत असायची. आता चार इयत्ता मिळून एकाच खोलीत बसत होत्या. सुट्टीतही बाई काहीतरी नोंदी लिहायला आल्या होत्या. दोन मुली आणल्यात हे पाहून त्यांनी लगबगीनं खुर्ची पुसली, मडक्यातलं पाणी दिलं. "थोरलीला आता आमच्याकडे वर्ग नाही," त्या म्हणाल्या, "पण धाकटी आली तर फार बरं होईल. पटावर एक एक मूल महत्त्वाचं आहे." धाकटी तेवढ्यात फळ्यावर चित्र काढायला लागली होती. अप्पा मुलांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे वर करून बसले होते आणि भिंतीकडे पाहत होते.

बाहेर पडल्यावर मला वाटलं ते म्हणतील, घालूया इथेच. ते म्हणाले, "नको. आम्हीच सगळ्यांनी पोरांना इंग्लिशला घातलं म्हणून शाळेची ही अवस्था. अण्णाची पोरं घातली काय मी इथे? आता धाकटीला घालून माझ्या मनाला बरं वाटेल, पण तिला काय?" मग वळून त्यांनी शाळेच्या फाटकाची कडी नीट लावली.

तिसरी शाळा केशवापुरातच होती, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. इंग्लिश माध्यम, जुनी, मोठी. तिथे पुस्तक द्यायला कुणी नव्हतं. व्हरांड्यात एक खिडकी होती आणि तिच्यासमोर रांग. त्या दिवशी मुली घरी आईजवळ होत्या, मी आणि अप्पाच गेलो होतो. फॉर्म घेऊन मी व्हरांड्यातल्या टेबलावर भरायला बसले. मुलीचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा. वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, वडिलांचा फोन, वडिलांची सही. सहीची जागा मोकळी ठेवून मी फॉर्म खिडकीत दिला.

कारकून साधारण अप्पांच्या वयाचे होते. चष्मा कपाळावर, बोलणं कन्नडमध्ये. त्यांनी आधी दाखला मागितला. तिकडच्या शाळेनं दाखला दिला नव्हता, पत्र दिलं होतं. त्यात गुण नव्हते. थोरलीच्या पत्रात लिहिलं होतं की ती इतरांना चटकन मदत करते, पण स्वतःला मदत हवी असेल तर मागत नाही. कारकुनांनी ते उलटून पाहिलं, मागे काही आहे का बघितलं. "मार्क्स इल्ला?" मी म्हटलं, नाहीत. मग ते सहीच्या जागेवर आले.

"वडिलांची सही?"

"ते तिकडे आहेत."

"मग त्यांचं पत्र पाहिजे. नाहीतर नंतर कटकट होते आम्हाला."

पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. ते काढलं तर काय होणार हे मला माहीत होतं. नाही म्हणून घरी परत येता आलं असतं. मागे रांगेत लोक होते, ऊन व्हरांड्यात आलं होतं, अप्पा शेजारी पिशवी धरून उभे होते. मी पत्र काढलं आणि दिलं. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. हातानं ते परस्पर केलं.

कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर ओढून पत्र ओठ हलवत वाचलं. मग त्यांना वाटलं की म्हातारबुवांना इंग्रजी समजणार नाही, त्यांनाही सांगितलं पाहिजे. ते भले गृहस्थ होते. त्यांनी अप्पांकडे बघून कन्नडमध्ये एक एक ओळ समजावून सांगितली. मुलींचे वडील लिहितात की आम्ही दोघं वेगळे होत आहोत, मुली आईजवळ राहतील, भारतात, कायम. 'कायम' हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे.

मी अप्पांकडे पाहिलं नाही. खिडकीच्या गजांकडे बघत राहिले.

"हौदु," अप्पा म्हणाले. "मला माहीत आहे. सही कुठे करायची, मी करतो. पालक म्हणून."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही फॉर्मवर सही केली, दुकानाच्या पावत्यांवर करायचे तशीच, कन्नडमध्ये.

शाळेतून निघालो तेव्हा ते घराच्या दिशेनं वळलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबले, दोन चहा सांगितले. अर्धा कप झाल्यावर ते म्हणाले, "सकाळी काही खाल्लंस काय?"

"खाल्लं."

"काय?"

मला आठवेना. त्यांनी दोन बिस्किटं घेऊन माझ्या हातात ठेवली.

"पोरींना ठाऊक आहे?"

"थोरलीला."

"म्हणून ती बोलत नाही होय," ते म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "आईला मी सांगतो. तू नको सांगू. तुला परत परत सांगायला लावतील सगळे, एकदा मी सांगतो सगळ्यांना."

मी मान हलवली. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी रडेन. दोन महिने मी त्याची भीती बाळगली होती. पण काहीच झालं नाही. मी बिस्किटं खाल्ली.

आईला त्यांनी दुपारी सांगितलं, दार लोटून. मी स्वयंपाकघरात होते. आई बाहेर आली, धाकटीला बोलावून पुढ्यात बसवलं आणि तिच्या डोक्याला तेल लावायला लागली. खूप तेल लावलं, धाकटीच्या कानांवर ओघळ आले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या युनिफॉर्म घ्यायला मीपण येतो तुमच्याबरोबर."

आमच्याकडच्या बायका 'येतो', 'जातो' असंच बोलतात. शनिवारच्या वर्गात 'मी येते' शिकलेल्या थोरलीला सुरुवातीला याचं फार आश्चर्य वाटायचं. त्या दिवशी तिनं मला विचारलं, "अज्जीला कळलं?" मी हो म्हटलं. ती आत जाऊन झोपली आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत उठली नाही.

प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिकेनं दोघींना बोलावलं. धाकटीचं काही अडलं नाही, पहिलीला सगळेच कच्चे. थोरली सहावीच्या वयाची. इंग्रजी बरं, गणित उत्तम, पण कन्नड शून्य आणि हिंदी शून्य. बाईंनी सांगितलं, पाचवीत बसू दे, सहावीत कन्नडचा भार जड जाईल. त्या कठोर नव्हत्या. वाद घातला असता तर बहुधा ऐकलंही असतं. माझ्या शेजारी थोरली हात मांडीवर ठेवून बसली होती, मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होती. मी म्हटलं, "चालेल."

हा एक शब्द मला नंतर पुष्कळ वेळा आठवला. जी बाई जिम्नॅस्टिक की नाच यावर दोन आठवडे झगडली, तिनं मुलीचं अख्खं वर्ष एका शब्दात सोडून दिलं.

शाळा सुरू झाली. धाकटीला तीन महिन्यांत कन्नड यायला लागलं. ती अंगणातल्या मांजरीशी कन्नडमध्ये बोलायची आणि आम्हाला शब्दांचे अर्थ सांगायची, जसं काही आम्हाला ते ठाऊकच नव्हते. थोरली मात्र गप्प होती. वर्गात तिच्यापेक्षा एक वर्षानं लहान मुली, सगळ्यांत उंच ती, म्हणून मागच्या बाकावर. रोज येऊन ती कन्नडची अक्षरं गिरवायची. अक्षरं सुंदर यायची, त्यांचा अर्थ तिला ठाऊक नसायचा. चार वर्षांच्या मुलांना विचारतात तसं वर्गात तिला सगळे विचारायचे, "निन्न हेसरेनु?" तुझं नाव काय? तिनं एकदा मला सांगितलं, "नाव सांगितलं की पुढचा प्रश्न विचारतात. तो मला कळत नाही."

शाळेशिवाय आणखी काय करायचं ते बघायला थोरलीला मीच इकडेतिकडे नेत होते, सवयीनं. चित्रकलेचा वर्ग झाला, एक गाण्याचा झाला. धारवाडहून एक बाई येऊन शिकवायच्या. थोरली दोनदा गेली आणि नको म्हणाली. जुलैअखेरीला आईनंच कुठूनतरी ऐकून सांगितलं, पोहायच्या तलावावर दुपारी चार ते पाच बायका-मुलींची वेळ असते. आम्ही गेलो. शिकवायला एक पन्नाशीच्या बाई होत्या, गळ्यात शिट्टी, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी नाव लिहून घेताना विचारलं, येतं का काही? मी म्हटलं, तिनं तिकडे तिन्ही परीक्षा दिल्यात. बाईंना परीक्षा वगैरे पटलं नाही. लहान मुलींच्या उथळ भागाकडे बोट दाखवून म्हणाल्या, आधी तिकडे, दांडी धरून पाय मारायला शिक.

थोरली शाळेतून थेट आली होती. पिनाफोर, मोजे, काळे बूट. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग बॅग खाली ठेवली, चालत खोल भागाच्या कडेला गेली आणि तशीच, बुटांसकट, पाण्यात शिरली. उडीसुद्धा मारली नाही. काठ धरून उतरली आणि पाणी कापत निघाली. बाईंनी शिट्टी फुंकली. दोन-तीन बायका ओरडल्या. ती तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली, पाठीवर झाली, परत आली. बाहेर आली तेव्हा तिच्या पिनाफोरमधून पाणी गळत होतं आणि बूट चपचप वाजत होते.

"असं शिकवतात आम्हाला," ती बाईंना इंग्रजीत म्हणाली.

बाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. मग कन्नडमध्ये माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून छोट्या पोरींना शिकवायला हिला माझ्याजवळ दे." बायका हसल्या. थोरलीला एक अक्षर कळलं नव्हतं, पण बाई रागावलेल्या नाहीत एवढं कळलं असावं. बूट वाळायला तीन दिवस लागले. ती तीन दिवस चपला घालून शाळेत गेली आणि रोज शिक्षा झाली. त्याचं तिला काही वाटलं नाही.

तलावावर ती रोज जायला लागली. तिथल्या छोट्या मुलींना 'पाय', 'श्वास', 'सोड', 'पकड' म्हणायला लागतं म्हणून तिनं पहिले कन्नड शब्द शिकून घेतले. कन्नडच्या पेपरात ते कुठेच येत नाहीत. सहामाहीत ती नापास झाली.

प्रगतिपुस्तक घेऊन ती आली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तिनं ते पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "तू काहीच का बोलली नाहीस? पाचवीत का घालू दिलंस मला?"

मी म्हटलं, "त्या म्हणाल्या म्हणून."

"तू नेहमी असंच करतेस. बाबांनी सांगितलं तेव्हापण तू काही बोलली नाहीस. मी जिन्यात होते. तू डब्याचं विचारलंस."

तेव्हा माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. मी हातातला टॉवेल फेकला आणि तिच्यावर ओरडले. ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं, किती वेळा सांगायचं, या घरात मी एकटी कुणाकुणाचं उचलत राहू, असं काहीबाही. टॉवेल ओला नव्हताच. आवाज इतका चढला की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. थोरली भिंतीला टेकून उभी होती. ती रडायला लागली आणि मग मीही. आई स्वयंपाकघरातून आली, दारात उभी राहिली आणि आम्हाला तसंच सोडून परत गेली. कणीक मळल्याचा आवाज येत राहिला.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. घसा दुखत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, वेण्या, डबे, खिडकी. पण मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकेला भेटून म्हणाले, मार्चमध्ये हिची परीक्षा घ्या, कन्नड जमलं तर जूनमध्ये सातवीत बसवा, एक वर्ष भरून द्या. त्या म्हणाल्या, असं सहसा करत नाही. मी म्हटलं, मी वाट बघते. दर सोमवारी व्हरांड्यात जाऊन बसायला लागले. चौथ्या सोमवारी त्या म्हणाल्या, बघू. मी विचारलं, "बघू म्हणजे कधी?"

जानेवारीत नेदरलँड्सहून तो आला, दहा दिवसांसाठी. हॉटेलात उतरला. अप्पांनी त्याला घरी जेवायला बोलावलं, आईनं वाढलं, कुणी वाकडं बोललं नाही. एका सकाळी मुलींना शाळेत सोडायला तो आणि मी दोघं गेलो. धाकटी त्याचा हात धरून वाटेतल्या प्रत्येकाला कन्नडमध्ये सांगत होती, हे माझे बाबा. थोरली पुढे चालत होती. फाटकाशी तो थांबला, मुलींच्या पाठमोऱ्या बॅगा दिसेनाशा होईपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "बऱ्या दिसतायत दोघी." मी हो म्हटलं. त्याचे केस कडेनं पांढरे झाले होते. माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याकडे बसस्टॉपवरच्या माणसाकडे बघावं तशी बघतेय. त्यानं विचारलं, तू कशी आहेस? मी म्हटलं, दुपारी दुकानात बसते, अण्णाला हिशेबाला मदत लागते. तो म्हणाला, छान. आम्ही परत आलो.

थोरलीची परीक्षा मार्चमध्ये झाली. तोंडी परीक्षेत तिनं एक धडा वाचला आणि प्रश्नांची उत्तरं दिली. उच्चार तलावावरच्या बायकांसारखे, ठसक्यातले. परीक्षा घेणाऱ्या बाईंना हसू आवरेना. तिला सातवीत घेतलं.

आता ती आठवीत आहे, धाकटी तिसरीत. आम्ही अजून अप्पांच्याच घरी आहोत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्यात. पोहणं थोरलीनं मधेच सोडलं. तिच्या वर्गातल्या एका मुलीबरोबर ती खो-खो खेळायला लागली. त्यासाठी नाव द्यायचं तेव्हा तिनं मला विचारलं नाही, अप्पांची सही घेऊन टाकली. मला चार दिवसांनी कळलं, गुडघे खरचटलेले पाहिले तेव्हा. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस." ती म्हणाली, "सांगणार होते." मग पायावर औषध लावून घेतलं आणि डब्याला काय आहे ते विचारत खाली गेली.